उन्हाबद्दलचा अर्ज

मी नाटककार आहे, असं माझ्याशिवाय फारसं कोणी म्हणत नाही. वेल्ह्यात मला ‘अर्जवाले’ म्हणतात. तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं टेबल आहे. पूर्वी त्यावर टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. डोंगरातल्या गावांमधून माणसं येतात, काय झालंय ते सांगतात आणि मी ते सरकारला कळेल अशा भाषेत लिहून देतो. बावीस वर्षं हेच काम करतो. राहायला शिवऱ्याला, हायवेच्या कडेला. सकाळी चेलाडी फाट्यावर जायचं, तिथून वेल्ह्याची एसटी धरायची, संध्याकाळी उलटा प्रवास. माझी पहिली चारही नाटकं मी या एसटीत बसून लिहिली, आणि चारांपैकी एकातही एसटी नाही.

पहिल्या नाटकात एक चित्रकार होता. तो विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, खिडकीशी उभा राहून व्हिस्की प्यायचा आणि बायकोला म्हणायचा, “आपल्यातलं अंतर आता मोजता येत नाही.” मी स्वतः तोवर फार तर चौथ्या मजल्यापर्यंत गेलो होतो. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा, पुण्यातल्या एका दवाखान्यात, आणि तेही जिन्यानं, कारण लिफ्ट बंद होती. व्हिस्की मी दुसऱ्यांच्या लग्नात लांबून पाहिली होती. पण नाटक म्हटलं की खिडकी हवी, अंतर हवं आणि हातात ग्लास हवा, अशी माझी समजूत होती. ती कुठून आली हे मला आजही सांगता येणार नाही.

भोरला आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतो. चित्रकाराचं काम आमच्यातल्या दूध डेअरीवर संकलन करणाऱ्या गृहस्थांनी केलं. ते माळकरी. ग्लासात कोरा चहा भरला होता आणि त्यांना तो चहाच वाटत होता. भरल्या हॉलसमोर, बायको घर सोडून निघालेली असताना, त्यांनी ग्लास तोंडाजवळ नेला आणि सवयीनं त्यावर फुंकर मारली.

लोक खूप हसले. मी विंगेत उभा होतो. भोरचा प्रेक्षक अजून तयार व्हायचा आहे, असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या तीन नाटकांच्या वेळीही तेच म्हणालो. माझ्या बायकोचं मत वेगळं होतं. तिनं एकदा विचारलं, “तुमच्या नाटकातली माणसं कधी जेवत का नाहीत?”

“ती यातनेत असतात,” मी म्हणालो.

“यातनेत तर जास्त भूक लागते,” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

मग मी पुण्यात दोन दिवसांच्या एका शिबिराला गेलो. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की नाटक तुमच्या आजूबाजूला असतं, कान उघडे ठेवा. मला हे फारच पटलं. येताना मी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि सोमवारपासून एसटीत ती मांडीवर उघडून बसू लागलो. शेजारी कोणी बोलायला लागलं की लिहून घ्यायचो. पण त्या गाडीतली निम्मी माणसं मला ओळखणारी. अर्जवाला काहीतरी लिहून घेतोय म्हटल्यावर गाडीत शांतता पसरायला लागली. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पुढं वाकून हळूच विचारलं, “कुनाच्या बाजूनं लिवताय?”

“कुणाच्याच नाही बाबा. असंच.”

“आसंच कोन लिवतं?” असं म्हणून तो माझ्यापासून दोन सीट लांब जाऊन बसला. महिनाभरानं मी वही वाचली. तिच्यात बहुतेक असली वाक्यं होती: “आज थंडी आहे.” “होय, आहे.” एक जण तर मला पाहून घसा खाकरून म्हणाला होता, “आमची कुनाबद्दल कायबी तक्रार न्हाई.” तेही मी इमानदारीनं उतरवून घेतलं होतं.

हे चाललं होतं त्याच दिवसांत डोंगरातल्या पासली गावच्या दोघी जणी माझ्याकडं आल्या.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या गाडीतून उतरलेली माणसं कचेरीकडं येत होती. त्यात दोन म्हाताऱ्या होत्या, एकीच्या मागून दुसरी, मध्ये चार माणसांचं अंतर ठेवून. दोघी माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या, दोन टोकांना. नंतर कळलं की त्या सख्ख्या जावा आहेत. दोघींचेही नवरे गेलेले, घर एकच, पण मधून भिंत घालून वाटून घेतलेलं. नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, असं विचारलं तर दोघी वेगवेगळं कारण सांगायच्या.

आधी धाकट्या मावशी बोलल्या. “दादा, अर्ज लिवायचाय. उन्हाचा.”

“पिकाच्या नुकसानीचा का?”

“न्हाई. उन्हाचा. आमचं ऊन बंद केलंय.”

“कुणी?”

त्यांनी बोट दाखवलं नाही. समोर बघत म्हणाल्या, “असत्यात काही मानसं.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून थोरल्या मावशी, त्याही समोरच बघत, म्हणाल्या, “नाव सांगाया काय झालं? लिवा म्हनावं माजं नाव. आडनाव दोघींचं एकच हाय, तेवढं तरी लिवायचं वाचंल.”

हळूहळू प्रकरण समजलं. थोरल्या मावशींनी दाराशी शेरडांसाठी पत्र्याची पडवी काढली होती. तिची सावली धाकट्या मावशींच्या अंगणावर पडत होती, थेट दुपारपर्यंत. अंगणात घातलेलं भात वाळत नव्हतं आणि त्याला कुबट वास यायला लागला होता.

“आन् माजाबी एक लिवा,” थोरल्या मावशी म्हणाल्या. “ह्या अर्जाला माजी हरकत हाय.”

“मावशी, तो अर्ज अजून लिहिलाच नाही.”

“मग लिवा लवकर. मला दोनच्या गाडीनं जायचंय.”

मी नेहमीप्रमाणं आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहून घेतलं आणि मग टाइप केलं. थोरल्या मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी हात पुढं केला आणि स्वतःच्याच विरोधातला अर्ज वाचायला मागितला. पिशवीतून चष्मा काढला, ओळीवर बोट ठेवत ठेवत सगळा वाचला आणि एका ठिकाणी थांबल्या.

“हितं चुकलंय. पतरा दिवाळीला न्हाई, दसऱ्याला टाकलाय. पंदरा-ईस दिस जास्तीची सावली पडलीया. नीट लिवा.”

“बघा,” धाकट्या मावशी मला म्हणाल्या. “खोटं बोलायच्या न्हाईत. तेवढं एक हाय.”

मी दुरुस्ती करून पुन्हा प्रिंट काढेपर्यंत बारा वाजले. धाकट्या मावशींनी फडकं सोडलं. भाकरीचे दोन भाग केले, एकावर ठेचा ठेवला आणि तो माझ्या टेबलावर सरकवला. “त्या साकरेच्या गोळीवर हायत दादा. उपाशी ऱ्हायल्या तर गाडीत चक्कर येती. द्या तिकडं.” मी तो तुकडा उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला दिला. थोरल्या मावशींनी खाल्ला. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, “मीठ जास्ती झालंय, सांगा.”

हे सगळं माझ्या टेबलासमोर, माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणि मला तेव्हा काय वाटलं, तर माझी सकाळ वाया गेली. त्या आठवड्यात मी पाचवं नाटक लिहीत होतो. तेही फ्लॅटमधलंच होतं, फक्त मजला बाविसावा केला होता. दोघी कचेरीत अर्ज घेणाऱ्या आवक खिडकीकडं गेल्यावर मी घाईघाईनं पुठ्ठ्याची वही उघडली आणि तिच्यात एक वाक्य लिहिलं: ‘मौनालाही आवाज असतो.’ या वाक्यावर मी बराच वेळ खूश होतो.

अर्जाचं काय झालं ते थोडक्यातच सांगण्यासारखं आहे. खिडकीवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला, शिक्का मारून घेतला आणि पुढं रीतसर उत्तर आलं की हा विषय ग्रामपंचायतीकडं न्यावा. उन्हाचं कलम कुठंच नव्हतं.

दोघी आल्या त्याच दिवशी संध्याकाळी मी ही हकीकत बायकोला गंमत म्हणून सांगितली होती. ती आमटीला फोडणी देत होती. भाकरीपर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबला. “मग?” ती म्हणाली.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी तिला चार नाटकं वाचून दाखवली होती. त्या सगळ्या वाचनांत तिनं एकदाही ‘मग?’ म्हटलं नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं आणि रात्री ताटातली भाकरी मी नुसती कुस्करत बसलो. ती म्हणाली, “यातनेत आहात का?”

मी नाटक लिहायला घेतलं. मला वाटलं होतं की आता सगळं सोपं जाईल. पण माझ्या हाताला जी सवय लागली होती ती जाईना. मी उन्हाला सूत्रधार केलं आणि त्याला पिवळं उपरणं दिलं. दोघी जावांना मी ‘एक’ आणि ‘दोन’ म्हणायला लागलो. धाकटीच्या तोंडी मी वाक्य घातलं, “मला माझ्या वाट्याचं आकाश हवंय.” मग रविवारी भोरला वाचन ठेवलं.

धाकटीचं काम आमच्या गटातल्या अंगणवाडी सेविका करणार होत्या. भोरच्याच. दरवर्षी जयंतीला विहारासमोर भाषणं करून त्यांचा आवाज तयार झालेला आणि अंगणवाडीतल्या पोरांपुढं रोज बोलून खोटं ओळखायचा कानही. त्यांनी आकाशाचं वाक्य एकदा मनात वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“सर, ही बाई कुठली?”

“पासलीची.”

“माझी मावशी त्याच बाजूला दिलीय. त्या भांडताना आकाश मागत नाहीत.”

“ते प्रतीक आहे,” मी म्हणालो.

“असेल. पण ती खरं काय म्हणाली होती?”

मी जरा चिडून सांगितलं, “ती म्हणाली, आमचं ऊन बंद केलंय.”

सेविकाबाईंनी ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं नाही, साधंच, समोर बघत. डेअरीवाले म्हणाले, “हां.” एवढंच. माझ्या चार नाटकांत मिळून मला असा एकही हां मिळाला नव्हता.

सोमवारी मी वेल्ह्याला गेलो आणि त्या दिवसाचा कच्चा कागद शोधायला लागलो. कच्चे कागद मी रोज संध्याकाळी फाडून टाकतो. पण हा नशिबानं सापडला, कारण प्रिंटर डुगडुगत होता म्हणून त्याच्या एका पायाखाली मी तोच घडी करून घातला होता. उलगडून वाचला. धाकट्या मावशींनी सांगितलेलं मी जसंच्या तसं उतरवलं होतं: ‘मालक गेल्यापासनं म्या त्याच उन्हात बसती. तितं बसलं की पाय ऊबदार व्हत्यात आन् खालचा रस्ता दिसतो. कोन आलं, कोन गेलं.’

मग कॉम्प्युटरमध्ये टाइप केलेला अर्ज उघडला. तिथं लिहिलं होतं: ‘सदर जागेचा वापर अर्जदार वैयक्तिक कारणासाठी करीत असून सामनेवाला यांचे कृत्यामुळे त्यास बाधा येत आहे.’

मी दोन्ही शेजारी ठेवून बघत बसलो. रस्ता दिसतो, पाय ऊबदार होतात, हे मी काढून टाकलं होतं. चुकून नव्हे, कामच ते होतं माझं. बावीस वर्षं लोक माझ्यासमोर बसून बोलत होते आणि मी त्यांच्या बोलण्यातलं जे काही जिवंत असेल ते काळजीपूर्वक खोडत होतो. आणि मग संध्याकाळच्या एसटीत, नाटकाला विषय मिळत नाही म्हणून खिन्न होऊन खिडकीबाहेर बघत होतो. समोर एक माणूस शिधापत्रिकेच्या अर्जासाठी उभा होता. त्यानं विचारलं, “बरं न्हाई का?” मी म्हणालो, “बरं आहे. बसा.”

नाटक मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. पिवळं उपरणं गेलं. थोरलीचं काम शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंना दिलं. अर्ज लिहिणाऱ्याचं काम डेअरीवाल्यांकडं गेलं, म्हणजे ते मीच होतो. तालमीत ते चष्मा नाकावर खाली ओढून दर दोन वाक्यांनी “थोडक्यात सांगा, थोडक्यात” म्हणायला लागले. हे मी लिहिलं नव्हतं. मी विचारलं, “मी असं म्हणतो?” सगळा गट हसला. सेविकाबाईही हसल्या, आणि त्या तर एकदाच, मावशीबरोबर जातीच्या दाखल्याच्या कामाला माझ्याकडं आल्या होत्या.

भोरचा प्रयोग चांगला झाला. लोक हसायला हवं तिथं हसले आणि नको तिथं हसले नाहीत. मी दोन दिवस तरंगत होतो. एसटीत कोणी ओळख दिली नाही तरी मी मान हलवत होतो.

तिसऱ्या दिवशी पासलीच्या दोघी जावा माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

प्रयोगाचं कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं आणि ते फिरत फिरत पासलीला पोचलं होतं. मी पूर्वी एकदाही विचार केला नव्हता, असं नाही. केला होता. विचारायला हवं, असं मनात आलं होतं. पण विचारलं आणि नाही म्हणाल्या तर नाटक जाईल, या भीतीनं मी विचारलं नव्हतं.

थोरल्या मावशी म्हणाल्या, “तू आमचं नाटक केलंस म्हनं.” आधी त्या मला ‘तुमी’ म्हणायच्या.

“चुकलं माझं, मावशी. विचारायला पाहिजे होतं.”

“पायजेच हुतं. विचारलं असतंस तर म्या सांगितलं असतं, घर शेनाचं दावू नगंस. फरशी हाय आमच्याकडं. दोन वर्सं झाली.”

“आन् मला लई रडाया लावलंय,” धाकट्या मावशी म्हणाल्या. “म्या कवा रडले?”

“ती न्हाई रडत,” थोरल्या मावशी मला म्हणाल्या.

मला जरा बरं वाटलं. फरशी आणि रडणं, एवढ्यावर निभावेल असं वाटलं. तेवढ्यात धाकट्या मावशी बाकावर बसल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या, “दादा, ते पाय ऊबदार व्हत्यात म्हनलं, ते तुमाला सांगितलं हुतं. अर्जासाटी. समद्यांना न्हाई.”

माझ्या टेबलावर गेल्या बावीस वर्षांत किती जणांनी काय काय सांगितलं असेल आणि ते कोणाच्या भरवशावर, हे मला त्या एका वाक्यात कळलं. मी म्हणालो, “ते काढून टाकतो.”

“आता काडून काय व्हनार? लोकांनी ऐकलं.” मग म्हणाल्या, “आमालाबी दावा एकदा. काय काय सांगितलंय ते तरी कळंल.”

म्हणून आम्ही पासलीला गेलो. पौषातला रविवार, दुपारची वेळ, म्हणजे लोकांना संध्याकाळची कामं आवरता येतील. डेअरीच्या टेम्पोत आम्ही सगळे, दोन बाकं, एक पत्रा आणि पडद्यासाठी चादरी. देवळाच्या सभामंडपात प्रयोग होता. सगळं गाव आलं होतं. दोघी जावा पहिल्याच रांगेत, दोन टोकांना. थोरलीच्या घरात फरशी आहे असं वाक्य मी घातलं होतं. धाकटीचं रडणं काढलं होतं. आणि पायांचं वाक्यही काढलं होतं. त्या जागी काय करायचं हे मला सुचलं नव्हतं, म्हणून सेविकाबाईंना सांगितलं होतं, नुसतं बसा. त्या जमिनीवर बसल्या, पाय पुढं पसरले आणि रस्त्याकडं बघत राहिल्या. मी चादरीच्या फटीतून धाकट्या मावशींकडं बघितलं. त्यांनी एकदा पदर सारखा केला, बाकी काही नाही. माझं वाक्य गेल्यानं नाटक सुधारलं होतं. लेखक म्हणून हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

शेवट मात्र मी माझाच ठेवला होता. शेवटी थोरली स्वतःच्या हातानं पत्रा काढते, मागून पिवळा दिवा लागतो आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडतात. भोरला या जागी टाळ्या पडल्या होत्या. शिलाईवाल्या बाईंनी पत्र्याला हात घातला आणि पहिल्या रांगेतून आवाज आला.

“थांबा जरा.”

थोरल्या मावशी उभ्या राहिल्या होत्या. “म्या कुठं काडला पतरा? अजून हाय तितंच. हितनं दिसतोय.”

लोक हसले आणि मान वळवून खरंच बाहेर बघायला लागले. मी आडोशाला घामाघूम झालो. पण सेविकाबाई डगमगल्या नाहीत. त्या रंगमंचावरूनच म्हणाल्या, “मग मावशी, तुम्ही काय केलं असतं?”

“पतरा काडला तर शेरडं कुठं बांधू? पावसात भिजून मरत्याल.”

दुसऱ्या टोकाकडून धाकट्या मावशी सेविकाबाईंना म्हणाल्या, “शेरडं मागल्या दारी बांधा म्हनावं. माजी जागा मोकळीच हाय तितं. सांगा त्यांना.”

सेविकाबाई शिलाईवाल्या बाईंकडं वळून म्हणाल्या, “मागल्या दारी बांधा.” शिलाईवाल्या बाई खाली बघून थोरल्या मावशींना म्हणाल्या, “मागल्या दारी बांधा.”

“ऐकलं मी,” थोरल्या मावशी म्हणाल्या. “मागल्या दारी बिबट्याचं भ्या हाय. तिला सांगा.”

हे असं बराच वेळ चाललं. गावातल्या लोकांनीही मतं द्यायला सुरुवात केली. एकानं पत्र्याचा उतार बदलायला सुचवलं. डेअरीवाले, म्हणजे नाटकातला मी, चष्मा खाली ओढून म्हणाले, “थोडक्यात सांगा, थोडक्यात,” आणि सगळा मंडप हसला. दोघी जावासुद्धा. मला मात्र माझा शेवट हातातून जाताना दिसत होता. राहवलं नाही म्हणून मी चादर बाजूला करून पुढं आलो आणि म्हणालो, “मंडळी, आपण आधी नाटक पूर्ण करू या का?”

कोणीच लक्ष दिलं नाही. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “आवं, बसा खाली. दिसत न्हाई.”

मी बसलो. रंगमंचाच्या कडेला, पायरीवर. तिथून पहिल्यांदा मी माझं नाटक नीट पाहिलं.

त्या दिवशी काही मिटलं नाही. पिवळा दिवा लागलाच नाही. आम्हाला चहा-पोहे मिळाले आणि आम्ही परत आलो. महिनाभरानं धाकट्या मावशी हयातीच्या दाखल्यासाठी वेल्ह्याला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की थोरलीनं पडवीचे चार पत्रे काढून त्या जागी उजेड पडेल असे फायबरचे पत्रे टाकलेत.

“म्हणजे ऊन आलं?”

“आलं. पन हिरवं आलं. दुकानात हिरवंच हुतं. आंगनात बसलं की भात हिरवं, हातपाय हिरवं. शेरडंबी हिरवी दिसत्यात.”

“आणि भात वाळतं का?”

“वाळतं की.”

“मग बोलता का आता दोघी?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. “कशाला? काम तर झालं.”

मी नाटकाचा शेवट बदलला. मिठी काढली, हिरवा पत्रा घातला. या वेळी दोघींना आधी वाचून दाखवलं. थोरल्या मावशींनी एक तारीख दुरुस्त केली. मग आम्ही ते नाटक पुण्यातल्या एका एकांकिका स्पर्धेत नेलं. सेविकाबाईंना अभिनयाचं बक्षीस मिळालं. डेअरीवाल्यांनाही मिळालं, ‘रूक्ष कारकुनी वृत्तीचं हुबेहूब दर्शन घडवल्याबद्दल’. लेखनासाठी काहीच नव्हतं. परीक्षकांच्या अभिप्रायात माझ्या वाट्याला दोन वाक्यं आली. संवादांची ग्रामीण भाषा बेतलेली वाटते, आणि हिरव्या पत्र्याचं प्रतीक ओढूनताणून आणलं आहे.

परतीच्या टेम्पोत मी ते दोन-तीनदा वाचून दाखवलं. सेविकाबाई म्हणाल्या, “सर, जाऊ द्या. आकाश ठेवलं असतं तर मिळालं असतं.” वाटेतल्या खिंडीपर्यंत सगळे हसत होते. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

हल्ली मी कच्चे कागद फाडत नाही. ज्याचा त्याला परत देतो. ठेवायचा असेल तर विचारतो. याचा परिणाम असा झाला की डोंगरातल्या गावांमध्ये माझी वेगळीच ख्याती पसरली आहे. मागच्या आठवड्यात एक शेतकरी विहिरीच्या वाटेचा अर्ज लिहायला आला. बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आधी विचारून घेतलं, “हे अर्जात जानार का नाटकात?”

“अर्जात,” मी म्हणालो.

“मग मी सांगतो. नाटकात जानार असंल तर मालकिनीला घेऊन येतो. ती चांगलं सांगती.”

मी म्हणालो, तसं काही नाही, तुम्हीच सांगा. त्यानं सांगितलं, मी लिहिलं, तो सही करून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो बायकोला घेऊन पुन्हा आला. तिनं बाक पुसला, बसली, टेबलावरचा पेला उचलून पाणी प्यायली आणि मला म्हणाली, “ह्यांनी निम्मंच सांगितलंय. कुठनं सुरू करू?”